खानदेशातील ग्रंथालये आणि विकासाची साधने

ग्रंथालयाचा विकासातील वाटा बहुधा वाचकांच्या संख्येवरून ठरविला जातो. खानदेशाचा इतिहास निराळे गमक सुचवितो. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे गावकरी एकत्र ठरवीत. पाणी पाटकरी वाटीत. आलटून पालटून घेतलेल्या पिकांमुळे जमिनीचा कस राही. या पद्धतीचे नियम मुख्यतः रूढीत होते. रूढी मोडली की उरतो तो केवळ लेखी आधार. १८८० चे खानदेश गॅझेटियर व गावोगावची जुनी दप्तरे हे असे आधार होत.

जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे. धुळ्यात वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले. गावोगाव हिंडून त्यांनी जमविलेली कागदपत्रे जतन व्हावीत म्हणून १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. दोन्ही संस्था लोकाश्रयाने उभ्या राहिल्या. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना मान्यता व अनुदान दिले. ग्रंथालय-कराची तरतूद मात्र केली नाही. त्यामुळे जतनाचा भार आजही बव्हंशी स्थानिक दातृत्वावरच पडतो. नवा ग्रंथ पुन्हा विकत घेता येतो. वाळवीने खाल्लेले दप्तर पुन्हा मिळत नाही. ग्रंथालयाच्या कार्याचे मोजमाप या जतनावरूनही व्हावयास हवे.