जनुक-परिस्थिती आंतरक्रिया

एकाच परिस्थितीचा वेगवेगळ्या जनुकसंचांवर वेगवेगळा परिणाम होणे. उपजत गुण आणि संगोपन या दोन बाजू वेगळ्या काढून तोलण्याची प्रथा इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांच्या १८७४च्या ग्रंथापासून रुळली. तिला पहिला मोठा तडा एका इवल्याशा जलचराने दिला.

डॅफ्नियाची मादी नराविना पिल्ले देऊ शकते. त्यामुळे तिचा सारा वंश जनुकांनी जवळजवळ एकसारखा असतो. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रिखार्ड वोल्टेरेक यांनी अशा निरनिराळ्या वंशांना कमी-अधिक खाद्य देऊन त्यांच्या डोक्यावरच्या टोपासारख्या भागाची उंची मोजली. खाद्याच्या एका पातळीवर दोन वंशांत ठळक दिसणारा फरक दुसऱ्या पातळीवर जवळजवळ मिटत होता. वारशाने येते ती ठरीव उंची नव्हे, तर खाद्यानुसार उंची बदलण्याची रीत. १९०९ मध्ये त्यांनी या रीतीला ‘प्रतिक्रिया-मान’ अशा अर्थाचे नाव दिले. जीनोटाइपची, म्हणजे वारशाने आलेल्या जनुकसंचाची, कल्पना यामुळे कोसळते, असे त्यांना वाटले. ती मांडणारे डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी १९११ मध्ये उत्तर दिले : प्रतिक्रिया-मान आणि जीनोटाइप यांत विरोध नाहीच. योहान्सेन यांचेच बरोबर होते. पण ज्या आलेखांमुळे हे उमगले, ते वोल्टेरेक यांचे.

१९३३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेन यांनी तापमानानुसार फळमाशीच्या डोळ्यांत होणारे बदल दाखवून, जनुके व परिस्थिती यांच्या वाट्याची सरसकट टक्केवारी काढण्यास हरकत घेतली.

सर्वांत देखणा पुरावा कॅलिफोर्नियातला. क्लाउसेन, केक व हायझी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी रानटी झाडांचे तुकडे करून प्रत्येक झाड तीन ठिकाणी लावले : समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्डला, सुमारे १,४०० मीटरवर माथरला आणि ३,०५० मीटरवर टिंबरलाइनला. खाली उंच वाढलेले झाड वरही उंच वाढेलच, असा नेम राहिला नाही. १९४० व १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही निरीक्षणे आजही पाठ्यपुस्तकांत आहेत.

माणसांत असा प्रयोग शक्य नाही. तरी फिनाइलकीटोनुरिया या आनुवंशिक आजाराने वाट दाखवली. तो १९३४ मध्ये नॉर्वेत आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी ओळखला. प्रथिनांतील फिनाइलॅलनीन हे अमिनो आम्ल बेताचे ठेवणारा आहार जन्मानंतर लगेच सुरू केल्यास मतिमंदत्व टळते. जनुक मात्र तेच राहते. याउलट, एका जनुकप्रकारामुळे आयुष्यातील ताणातून नैराश्य बळावते, हा न्यूझीलंडमधील डनीडिनच्या पाहणीतला २००३चा गाजलेला निष्कर्ष नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही.