हक्काचा सात, पिकाचा बारा : मॅप्सच्या एका ओळीवर भाष्य

मूळ ओळ : ७०००००००-७०००१००० आरडब्ल्यू-एस ०००००००० ००:०१ ३२७६९ /सिसव्ही००५२ई२सी१ (डिलीटेड)

लिनक्सवर पोस्टग्रेस डेटाबेस चालू असेल, तर त्याच्या प्रोसेसच्या ‘मॅप्स’ फाइलमध्ये अशी ओळ सापडते. पत्ता इथे आखूड केला आहे.

‘७०००००००-७०००१०००’. म्हणजे मेमरीचा तुकडा कुठून कुठपर्यंत. आकडे सोळाच्या पायातले, म्हणून वजाबाकी हजार नव्हे, ४,०९६ बाइट. याचा अर्थ एकच पान.

‘आरडब्ल्यू-एस’. वाचायला परवानगी, लिहायला परवानगी, चालवायला मनाई. वाद आहे तो चौथ्या अक्षराचा. ‘एस’ म्हणजे शेअर्ड, त्याजागी ‘पी’ असेल तर प्रायव्हेट. उतावळा वाचक ‘एस’च्या ओळी वेचतो, बेरीज करतो आणि ‘इतकी मेमरी सामाईक’ म्हणून मोकळा होतो. हा अर्थ घेऊ नकोस. ‘एस’ एवढंच सांगतो की इथलं लिखाण जोडलेल्या सर्वांना दिसेल. सध्या दुसरं कोणी जोडलेलं आहे का, याबद्दल तो गप्प आहे. उलट सी लायब्ररीच्या कोडवर ‘पी’ असतो, तरी रॅममधली तीच पानं अनेक प्रोसेस वाचत असतात. कोणी लिहायला गेलं तरच कर्नल त्याला वेगळी प्रत देतो.

शहापूर-मुरबाडकडे घरोघरी सातबारा असतो, तो आठव. नमुना सात हक्क सांगतो, सामाईक खात्यातल्या चुलतभावांची नावं सांगतो. शेतात काय उभं आहे ते बारा सांगतो. मॅप्स हा सात. बारा हवा तर ‘स्मॅप्स’ उघड. तिथले ‘शेअर्ड’ आकडे एकाहून अधिक ठिकाणी जोडलेली पानंच मोजतात. म्हणून ‘एस’चा तुकडा एकच प्रोसेस वापरत असेल, तर तो तिथे ‘प्रायव्हेट’मध्ये पडतो.

‘००००००००’, ‘००:०१’. सुरुवातीपासून जोडलेला, मागे खरी डिस्क नाही. पुढे चल.

‘३२७६९’. इथे थांब. एरवी हा फाइलचा आयनोड क्रमांक. आपला तुकडा सिस्टिम व्ही प्रकारच्या सामाईक मेमरीचा; त्या प्रकारात मात्र कर्नल मुद्दाम तुकड्याचा शमआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, इथे ठेवतो. म्हणजे ‘आयपीसीएस -एम’ चालवून याच क्रमांकाची ओळ शोधायची. ‘एनॅटच’ रकान्यात किती जण जोडलेत ते मिळतं. ओळख पटवायची ती यावरून, नावावरून नव्हे. कारण नाव तुकड्याच्या किल्लीवरून बनतं, आणि किल्ली शून्य असलेले कितीही तुकडे एकाच नावाने दिसतात.

‘/सिसव्ही००५२ई२सी१’. सिसव्हीपुढे किल्ली. दहाच्या पायात ५४३२००१. पोस्टग्रेसचं नेहमीचं पोर्ट ५४३२, त्याची हजारपट अधिक एक. जुन्या आवृत्त्या किल्ली अशी काढत. अलीकडच्या ती डेटा डिरेक्टरीच्या आयनोडवरून काढतात. ९.३ आवृत्तीपासून हे पान फक्त राखणीला आहे : एकाच डिरेक्टरीवर दोन सर्व्हर उठू नयेत म्हणून. खरा मोठा साठा बहुधा ‘/डेव्ह/झिरो’च्या ओळीत शोध, तिथेही ‘एस’च असतो.

‘(डिलीटेड)’. काही जण याचा अर्थ ‘मेमरी सोडून दिली’ असा करतात. तो टिकत नाही. कोणत्याही डिरेक्टरीत या फाइलचं नाव नाही, एवढंच म्हणायचं आहे. या प्रकारच्या तुकड्यावर हा शब्द पहिल्यापासूनच असतो. तुकडा काढून टाकायला सांगितलाय पण कोणीतरी अजून जोडलेलं आहे, असं असेल, तर ‘आयपीसीएस’च्या शेवटच्या रकान्यात ‘डेस्ट’ दिसतं.