प्रवासांतील पेला : आगबोट आणि गोंदिया जंक्शन

समुद्रप्रवासास निघालेल्या मनुष्याच्या मागण्या थोड्या असतात. परंतु सकाळीं उठल्यावर एक पेला चांगली कॉफी मिळावी ही त्यांपैकीं एक हटकून असते, आणि बहुधा तीच अपुरी राहते. आजच्या अवाढव्य विहारनौकांवर पोहण्याचे तलाव, नाट्यगृहें आणि दुकानें असतात. तरीही चांगली कॉफी कोणत्या मजल्यावर मिळते याची चौकशी करीत फिरणारे उतारू तेथें भेटतातच. गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक आहे. तथापि प्रवासांतील पेयांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, चांगला पेला तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पाणी, वेळ आणि हात. पाणी चांगलें हवें, पेय ताजें हवें, आणि तें ज्याच्या हातून यावयाचें तो हात घेणाऱ्यास चालावयास हवा. यांपैकीं पहिल्या दोन अडचणी शास्त्रानें व यंत्रानें बऱ्याच अंशीं दूर केल्या. तिसरी मात्र मनुष्यानें स्वतःच निर्माण केलेली होती, आणि तिची कथा समुद्रापेक्षां जमिनीवर, गोंदियासारख्या रेल्वेच्या नाक्यावर, अधिक स्पष्ट वाचतां येते.

प्रथम समुद्राकडे पाहूं गेल्यास कॉफी ही मुळांतच दर्यावर्दी आहे. येमेनमधील मोखा बंदरांतून ती जगभर गेली. सन १७२३ मध्यें गाब्रिएल द क्लियू नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें कॉफीचें रोपटें मार्तिनिक बेटावर नेलें; वाटेंत पाण्याची टंचाई पडली तेव्हां आपल्या वाट्याचें पाणी त्या रोपट्यास पाजून आपण तें जगविलें, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. जहाजावर पाणी किती मोलाचें असे, हें यावरून सहज ध्यानांत येईल. लांकडी पिंपांत भरलेलें पाणी कांहीं आठवड्यांतच हिरवट व दुर्गंधी होई. समुद्राचें पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडें पाणी मिळविण्याची युक्ति सुधारल्याबद्दल इंग्लंडच्या पार्लमेंटनें डॉ. चार्ल्स अर्व्हिंग यांस सन १७७२ मध्यें ५,००० पौंडांचें बक्षीस दिलें. पुढें लोखंडी टाक्या आल्या, वाफेचीं एंजिनें आलीं, आणि गोड्या पाण्याचा प्रश्न सुटला. कॉफीचा मात्र सुटला नाहीं. कारण पेल्यांतील कॉफींत शेंकडा अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असतें, आणि वाफेपासून केलेल्या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात. कॉफीच्या पुडींतील स्वाद ओढून घेण्यास थोडेसे क्षार लागतात. त्यांच्या अभावीं पेय निर्जीव लागतें. त्यांत भर म्हणून शेंकडों उतारूंसाठीं कॉफी एकदांच मोठ्या भांड्यांत करून तासन् तास तापत ठेवावयाची. अशी कॉफी हळूहळू कडवट व आंबट होत जाते. आणि भर समुद्रांत एक दुकान नापसंत पडलें म्हणून दुसऱ्या दुकानीं जाण्याची सोय नसते.

आतां हात. नोव्हेंबर १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई हें हिंदुस्थानचें युरोपकडील महाद्वार बनलें. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर भोजनगृहांतील सेवक व स्वयंपाकी बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. बोटीवरून उतरल्यावर पुढची नोकरी मिळेपर्यंत ते मुंबईंत ‘कुड’ या नांवाच्या, गांवोगांवच्या मंडळींनीं चालविलेल्या बिऱ्हाडांत राहत. साहेबास सकाळचा पेला नेऊन देणारा हात अशा रीतीनें कोंकणी असे. साहेबास त्या हाताची अडचण नव्हती. अडचण होती ती एतद्देशीय हिंदू उतारूस. एप्रिल १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं कलकत्त्याहून बोटींत बसल्या, त्यापूर्वीं हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असें त्यांना श्रीरामपूरच्या जाहीर सभेंत सांगावें लागलें. सप्टेंबर १८८८ मध्यें मोहनदास गांधी मुंबईहून निघाले, तेव्हां जातीनें त्यांना बहिष्कृत केलें होतें. आणि बोटीवरील पदार्थांत मांस कशांत आहे व कशांत नाहीं हें विचारण्याचा संकोच वाटून ते घरून आणलेली मिठाई व फळें खोलींतच खात राहिले.

यावर कोणी म्हणेल कीं, हा दोष समुद्राचा; जमिनीवर असें होत नसेल. त्याचें उत्तर पुण्यानेंच देऊन ठेवलें आहे. ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनच्या एका समारंभांत शहरांतील प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत रानडे होते, टिळकही होते. त्यानंतर उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत झळकलीं, आणि हा उद्योग करणारे गृहस्थ होते आनंदीबाईंचे पति गोपाळराव जोशी. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एक पेला चहा, तोही आपल्याच गांवांत, इतका महाग पडूं शकत होता.

याच काळांत नागपूरच्या पूर्वेस लोहमार्ग पसरत होते. छत्तीसगडचें धान्य बाहेर आणण्यासाठीं नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा मीटर रुंदीचा, सुमारें १५० मैलांचा मार्ग घालण्यांत आला, व तो सन १८८२ पर्यंत राजनांदगांवास पोहोंचला. सन १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला, सन १८९१ मध्यें आसनसोलपर्यंत नेला आणि सन १९०० मध्यें हावड्यास जोडला. बोटीवरून मुंबईस उतरून कलकत्त्यास जाणाऱ्या मनुष्यास पूर्वीं जबलपूर-अलाहाबादची वाट धरावी लागे. आतां नागपूर, गोंदिया, बिलासपूर अशी जवळची वाट मिळाली. पुढें १९०३ ते १९०५ या दरम्यान गोंदियाहून बालाघाट व नैनपूरवरून जबलपूरकडे जाणारा अडीच फूट रुंदीचा सातपुड्याचा छोटा मार्ग सुरू झाला, आणि दक्षिणेस नागभीडवरून चांद्याकडे दुसरा फांटा गेला. भंडारा जिल्ह्यांतील एक गांव अशा रीतीनें चार दिशांचें जंक्शन झालें. तांदूळ, तेंदूची पानें, विड्या आणि माणसें यांचा तेथें संगम होऊं लागला.

या संगमावर दोन प्रकारचे उतारू दिसत. कलकत्ता मेलच्या वरच्या वर्गांतला उतारू जणूं बोटींतूनच पुढें चालला होता. त्याच्यासाठीं भोजनाचा डबा, पांढरें टेबल, चिनी मातीचा पेला, सर्व कांहीं होतें. बंगाल-नागपूर कंपनीच्या भोजनव्यवस्थेचा लौकिक चांगला होता, आणि तिचीं पुरी व रांची येथील हॉटेलेंही प्रसिद्धीस आलीं. परंतु छोट्या गाडीच्या लहानशा डब्यांत दाटीवाटीनें बसून सातपुड्याचे चढ चढणाऱ्या उतारूस भोजनाचा डबा नव्हता. त्याला जें काय प्यावयाचें तें फलाटावर, गाडी उभी असेल तेवढ्या वेळांत. पाणी विहिरीचें, तें ऊर्ध्वपातित नव्हतें, म्हणून पेयास चव येई, आणि ज्या काळीं पटकीची धास्ती असे त्या काळीं उकळलेलें पेय साध्या पाण्यापेक्षां निर्धास्तही असे. पाणी आणि वेळ या दोन कसोट्यांस फलाट बोटीपेक्षां सरस उतरला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

राहिला हात. हिंदुस्थानांतील स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ यांचीं भांडीं निराळीं असत. चहाच्याही आरोळ्या निराळ्या असत. पाणी देण्यासाठीं उच्चवर्णीय ‘पाणीपांडे’ नेमलेले असत. डब्यांतील बांकावर सर्व जाती खेटून बसत, आणि खालीं उतरतांच पेल्यापाशीं वेगळ्या होत. ज्यांना कोणत्याच पेल्याजवळ जागा नव्हती, त्यांची अवस्था सन १९०१ च्या एका प्रवासावरून समजते. भीमराव आंबेडकर तेव्हां दहा वर्षांचे होते. कोरेगांवास असलेल्या वडिलांकडे जाण्यासाठीं ते भाऊ व भाच्यांसह सातारा जिल्ह्यांतील मसूर स्टेशनावर उतरले. मुलें महार आहेत हें कळतांच स्टेशनमास्तर मागें सरला. दुप्पट भाडें कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनींच हांकावी या अटीवर. शिदोरी भरपूर होती; परंतु रात्रभर प्यावयास स्वच्छ पाणी मिळालें नाहीं, म्हणून तीही खातां आली नाहीं. बोटीवरचा उतारू कॉफी बेचव म्हणून कुरकुरतो. येथें तक्रार चवीची नव्हती.

पुढें व्यापारानें या कोंडींत आपल्यापरीनें हात घातला. सन १९०३ मध्यें चहावर कर बसवून त्याच्या उत्पन्नांतून प्रचार सुरू झाला, आणि प्रचारकांनीं कारखाने व रेल्वेस्टेशनें यांवर विशेष भर दिला. चहा कसा करावा याच्या पाट्या देशी भाषांतून स्टेशनांवर लागल्या. विक्रेत्यांनीं त्या पाट्यांकडे फारसें लक्ष न देतां दूध, साखर व मसाला आपल्या अंदाजानें घातला, आणि लोकांना तोच चहा आवडला. कॉफी मागाहून आली. सन १९३५ मध्यें तिच्यावरही असाच कर बसला, आणि सन १९३६ मध्यें मुंबईस चर्चगेटजवळ पहिलें ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडलें. पुढें कॉफी बोर्डानें तीं गृहें बंद करावयास घेतलीं, तेव्हां काढून टाकलेल्या नोकरांनीं, ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें, सन १९५७ पासून आपल्या सहकारी संस्था काढल्या व तोच धंदा स्वतः चालविला. त्यांपैकीं एक मोठी संस्था जबलपूरची, म्हणजे गोंदियाच्या छोट्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाची. पेला आणून देणारा हातच तेथें दुकानाचा मालक झाला.

परंतु व्यापार गिऱ्हाईक वाढवितो. हक्क देत नाहीं. हक्क ता. २६ जानेवारी १९५० रोजीं आला. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, विहिरी व तलाव यांचा स्पष्ट उल्लेख करून धर्म, जात वा जन्मस्थान यांवरून कोणासही तेथें मज्जाव करतां येणार नाहीं असें लिहिलें आहे. सतराव्या कलमानें अस्पृश्यताच नष्ट ठरविली. एवढ्या थोर दस्तऐवजांत उपाहारगृहाचें नांव कशास हवें, असें ज्यास वाटेल त्यानें मसूरचें स्टेशन आठवावें. मसुदा समितीचे अध्यक्ष तेथें तहानेले राहिले होते. तेच आंबेडकर सन १९५४ मध्यें लोकसभेच्या पोटनिवडणुकीस भंडारा मतदारसंघांतून उभे राहिले. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांतच होतें. निवडणुकींत त्यांचा पराभव झाला. आणि अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा ठरविणारा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीं, सन १९५५ मध्यें, संमत झाला.

ता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. सातपुड्याचा छोटा मार्ग आतां राहिला नाहीं. त्या जागीं रुंद मार्ग झाला आहे, आणि जबलपूरकडून दक्षिणेस जाणाऱ्या लांबच्या गाड्या गोंदियावरून धांवतात. एका दिशेस आसामच्या चहाचा मुलूख, दुसऱ्या दिशेस कुर्ग-चिकमगळूरच्या कॉफीचा. फलाटावरील कॉफी बहुधा तयार पुडीची असते, दूध जास्त असतें, साखर त्याहून जास्त असते; जाणकार तिला उत्तम म्हणणार नाहींत. विहारनौकेवर याहून चांगली मिळेलही. परंतु गोंदियाच्या फलाटावर खिडकींतून बाहेर आलेला हात कोणाचा, हें विचारून विक्रेता पेला निवडीत नाहीं. तो सुटे पैसे आहेत का एवढेंच विचारतो, आणि गाडी हलण्यापूर्वीं पेला आंत देतो.