पटाचारेचे पाय : थेरीगाथेतील देह आणि दुःखमुक्ती

सुत्तपिटकाच्या खुद्दकनिकायातील ‘थेरीगाथा’ हा ग्रंथ म्हणजे भिक्खुणींच्या उद्गारांचा संग्रह होय. त्यात ७३ काव्ये व पाचशेहून अधिक गाथा आहेत. स्त्रीमुक्तीचा प्राचीन दस्तऐवज म्हणून या ग्रंथाचा गौरव आपण नेहमीच करतो. परंतु शोकाने उद्ध्वस्त झालेल्या या स्त्रिया नेमक्या कशा सावरल्या, या प्रश्नाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. उपदेश ऐकला आणि दुःख संपले, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. मूळ गाथा मात्र काही निराळेच सांगतात.

पटाचारेचे उदाहरण घेऊ. आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेनुसार ती श्रावस्तीच्या एका श्रेष्ठीची कन्या. घरच्या नोकराबरोबर ती निघून गेली. पुढे माहेरी परतत असताना पती सर्पदंशाने मरण पावला, नवजात बालकाला पक्ष्याने उचलून नेले आणि थोरला मुलगा नदीच्या प्रवाहात वाहून गेला. श्रावस्तीजवळ येताच कळले की, वादळात घर कोसळून आई, वडील आणि भाऊ हेही गेले. तिचे भान हरपले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला त्याची शुद्ध नव्हती. लोक तिला वेडी म्हणून हुसकावून लावीत.

अशा अवस्थेत ती भगवान बुद्धांसमोर आली. जमलेल्या लोकांना तिला अडवावयाचे होते, पण भगवंतांनी तसे होऊ दिले नाही. त्यांनी प्रथम तिला ‘सति’ म्हणजे भान परत मिळविण्यास सांगितले. भानावर येताच आपल्या अंगावर वस्त्र नाही हे तिला उमगले, एका पुरुषाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले आणि ते तिने पांघरले. धम्मोपदेश त्यानंतरचा आहे. हा क्रम अभ्यासकाने नीट ध्यानात घेतला पाहिजे. आधी देहाचे भान आणि त्याची प्रतिष्ठा, मग अनित्यतेचा विचार.

ही झाली अट्ठकथा. ती मूळ गाथांहून पुष्कळ उत्तरकालीन असल्यामुळे दोहोंची सरमिसळ करणे योग्य नाही. पटाचारेच्या स्वतःच्या गाथांत या आपत्तींचा उल्लेखही नाही. तेथे प्रथम शेत नांगरून कुटुंब पोसणाऱ्या माणसांची आठवण येते आणि शील पाळूनही आपल्याला निर्वाण का लाभत नाही, असा प्रश्न ती करते. मग ती पाय धुते. उंचावरून सखल भागाकडे वाहणारे पाणी पाहता पाहता तिचे चित्त एकाग्र होते. त्यानंतर ती दिवा घेऊन विहारातील खोलीत जाते, शय्या निरखते, मंचकावर बसते आणि सुईने दिव्याची वात खाली ओढते. दिवा विझतो, त्याच क्षणी तिचे चित्त विमुक्त होते.

पाय, पाणी, दिवा, सुई. या गाथांत तत्त्वचर्चा अत्यल्प आहे. सतिपट्ठानसुत्तात भगवंतांनी कायानुपस्सना ही चार सतिपट्ठानांतील पहिली सांगितली आहे. श्वास, चालणे, बसणे, निजणे, खाणेपिणे, वस्त्र धारण करणे या प्रत्येक क्रियेत भान ठेवणे हा तिचा भाग होय. कायेनंतर वेदनेची अनुपस्सना येते. शोक केवळ मनात राहत नाही. तो छातीत दाटतो, श्वास अडवितो, हातापायांतील बळ काढून घेतो. ज्या देहात दुःख साठले आहे, त्याच देहात ते उद्भवते आणि मावळते असे प्रत्यक्ष पाहिले की त्याची पकड सैल होऊ लागते. थेरीगाथेत देहाच्या अशुभत्वाचे चिंतनही आढळते, हे नाकारण्याचे कारण नाही. रूपाचा मोह सोडविण्यासाठी त्याचा उपयोग आहे. पटाचारेच्या मुक्तीच्या प्रसंगात मात्र देहाविषयी किळस नाही.

उत्तमा नावाची थेरी सांगते की, चित्ताला शांती नसल्यामुळे ती चार-पाच वेळा विहाराबाहेर पडली. अखेर एका विश्वासू भिक्खुणीकडून धम्म ऐकून ती सात दिवस एकाच आसनावर बसली आणि आठव्या दिवशी तिने पाय पसरले. ती भिक्खुणी पटाचाराच होती, असे अट्ठकथा म्हणते. जी स्वतः सावरली, तिनेच दुसरीला सावरले.

या साधनेला एक सामाजिक बाजूही आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रजस्वला, बाळंतीण, चांडाळ, पतित आणि प्रेत यांना एकाच श्लोकात बसविले असून त्यांच्या स्पर्शानंतर स्नान सांगितले आहे. स्त्रीचा देह आणि अस्पृश्याचा देह एकाच लेखणीने अपवित्र ठरला. उलट कायानुपस्सनेत केस, नखे, दात, त्वचा अशी जी देहाच्या भागांची गणना आहे, ती ब्राह्मण आणि चांडाळ, स्त्री आणि पुरुष सर्वांना सारखीच लागू पडते. कडाक्याच्या थंडीत मालकिणीच्या भयाने पाणी भरणारी दासी पुण्णिका हेच जाणून होती. पाण्याने पाप धुतले जाते म्हणणाऱ्या ब्राह्मणाला ती सुनावते की, तसे असते तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला गेली असती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी लुगडे नेसण्याची रीत तेथेच बदलली, अशी नोंद चरित्रकारांनी केली आहे. धम्मदीक्षा अद्याप २९ वर्षे दूर होती. तरीही ज्या देहावर इतरांनी कलंक लिहिला होता, तो त्या स्त्रियांनी त्या दिवशी आपला म्हणून परत घेतला.

आपल्या विहारांत उपासिका मोठ्या संख्येने येतात. त्यांतील कित्येकींनी मृत्यू, मारहाण, अवहेलना सोसलेली असते. ‘सर्व अनित्य आहे’ हे वाक्य त्यांना ऐकवून आपण मोकळे होतो. वैद्यकीय उपचार आणि कायद्याचे संरक्षण यांची जागा साधना घेऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु ज्या स्त्रीची आपल्या शरीराशी ओळखच तुटली आहे, तिला प्रथम सुरक्षित आसन, दुसऱ्या स्त्रीची सोबत आणि शांतपणे श्वास घेण्यास अवसर हवा. भगवंतांनी पटाचारेला उपदेशापूर्वी भान दिले. आपला क्रम उलटा होत असेल, तर तो सुधारला पाहिजे.