सीमाभागातील हिवाळा आणि दुचाकीचा गंज

खंडेनवमीला बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात दुचाकी धुऊन, झेंडूची माळ घालून तिची पूजा केली जाते. शेत, बाजारपेठ, कारखाना आणि महाविद्यालय या साऱ्यांना जोडणारे हे वाहन अनेक कुटुंबांच्या रोजीरोटीचे साधन आहे. मात्र पूजेपूर्वी धुतलेले वाहन पुरते वाळवले जात नाही आणि लोखंडावर तेलाचा हातही फिरत नाही. मग थंडीच्या दिवसांत स्पोकवर तांबूस ठिपके उमटतात, चेन कुरकुरू लागते आणि सायलेन्सरच्या सांध्यांवर पापुद्रे धरतात. हा गंज केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. ब्रेकची गंजलेली कळ अडकली किंवा चेसिसचा जोड आतून पोखरला गेला, तर घाटातील वळणावर त्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

थंडी नव्हे, ओलावा

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. थंडीने ही क्रिया वेगवान होत नाही, उलट तापमान उतरले की ती मंदावते. खरा प्रश्न धातू किती तास ओला राहतो हा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगाव परिसरात नोव्हेंबर ते जानेवारी या काळात आकाश बहुधा निरभ्र असते. अशा रात्री उघड्यावरील धातू आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि त्याच्यावर दव साचते. ऊन चढेपर्यंत ते तसेच राहते.

त्यात पावसाळ्याचा शिल्लक चिखल भर घालतो. कणकुंबी, जांबोटी, खानापूर या अतिपावसाच्या भागातील तांबडी माती मडगार्डच्या आत, स्विंगआर्मखाली आणि स्टँडच्या बिजागरीत अडकून बसते. वरून कोरडी दिसणारी ही माती रात्रीचे दव शोषून लोखंडाला दिवसभर ओले ठेवते.

मीठ कोठून येते?

युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तेच तेथील वाहनांना खाते. सीमाभागात ती प्रथा नसली, तरी क्षार अन्य वाटांनी वाहनापर्यंत पोहोचतात.

पहिली वाट गोव्याची. किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या दुचाकीवर समुद्री वाऱ्याने आलेल्या मिठाचा सूक्ष्म थर बसतो आणि चोर्ला किंवा अनमोड घाट चढून तो बेळगावपर्यंत येतो. स्वच्छ लोखंडावर गंज वेगाने वाढण्यास हवेत साधारण ६० टक्के आर्द्रता लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सुमारे ३३ टक्के आर्द्रतेतही हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे दव नसतानाही धातू ओलसर राहतो.

दुसरी वाट खताची. पोटॅश म्हणून ओळखले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचेच भावंड आहे. खताचे पोते मागच्या कॅरिअरवरून नेताना सांडलेले दाणे सीटखाली आणि मडगार्डवर राहिले, तर तेथे रंगाखालून गंज पसरतो. तिसरी वाट गोठ्याची. जनावरांच्या मूत्रातील क्षार, अमोनिया आणि सततची ओल यांमुळे गोठ्यात उभे केलेले वाहन उघड्यावरील वाहनापेक्षाही लवकर खराब होऊ शकते.

आतून गंजणारा सायलेन्सर

एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. लांब प्रवासात सायलेन्सर तापून ही वाफ बाहेर पडते. घर ते चौक असा दोन-तीन किलोमीटरचाच फेरा असेल, तर थंडीत ती आतच निवून पाणी साचते आणि पत्रा आतून सडतो. म्हणून रोज जवळच फिरणारी दुचाकी आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटे सलग चालवावी.

पुसणे, तेल, झाकणे

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीला लोखंडाचा स्वभाव चांगला परिचित आहे. यंत्रशाळांत घासून तयार केलेला सुटा भाग पुसून, गंजरोधक तेल लावून आणि गुंडाळूनच बाहेर पाठवण्याची रीत असते. दुचाकीलाही हाच क्रम लागू पडतो.

धुण्याचे काम सकाळी करावे, म्हणजे वाळण्यास दिवस मिळतो. इंजिन थंड झाल्यावरच साधे पाणी आणि वाहनांसाठीचा शाम्पू वापरावा. कपड्यांच्या पावडरीने रंगावरील मेणाचा थर निघून जातो. वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगवर, हँडलच्या सांध्यावर आणि विजेच्या जोडण्यांवर थेट मारू देऊ नये. धुतल्यावर कोरड्या कापडाने पुसून दुचाकी थोडी चालवून आणावी. पूजेची माळ दुसऱ्या दिवशी काढावी, कारण ओली फुले धातूवर सडत ठेवणे योग्य नव्हे.

चेन रॉकेलने भिजवलेल्या ब्रशने साफ करून, पुसून तिला गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे लावावा. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवूनच करावे, कारण चालू इंजिनात बोटे चेनमध्ये सापडतात. समोरच्या फोर्कचे चकचकीत पाइप, स्पोक, स्टँडची बिजागरी आणि नट-बोल्ट यांना पातळ तेलाचा हात द्यावा. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. ब्रेकची डिस्क, ब्रेक शू आणि टायर यांना मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नये.

झाकण्यासाठी हवा खेळती राहील असे कापडी कव्हर चांगले. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट आवळल्यास जमिनीची वाफ आतच कोंडते आणि झाकण हेच गंजाचे कारण ठरते. वाहन माती-गवतावर न ठेवता फरशीवर किंवा काँक्रीटवर उभे करावे. साधे छप्परही दवापासून बराच बचाव करते.

टाकीची काळजी

देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. सीमाभागातील उसाशी नाते असलेले हे इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकी अर्धी रिकामी ठेवून वाहन महिनोन्‌महिने उभे राहिल्यास आतील हवेतील ओलावा पत्र्यावर जमतो आणि गंजाचे कण कार्बोरेटरमध्ये उतरतात. परगावी जाताना टाकी भरून ठेवावी. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या जुन्या दुचाकीचा कार्बोरेटर मेकॅनिककडून रिकामा करून घ्यावा.

गंज दिसल्यावर

रंगलेल्या पत्र्यावरील ठिपका पॉलिश पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासून त्यावर प्रायमर आणि मग रंग द्यावा. गंजावरच रंग फासल्यास तो खाली वाढत राहतो. क्रोमच्या भागांवर पॉलिश पेपर वापरू नये. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा तेलात बुडवून हलकेच घासल्यास किरकोळ डाग निघतात. फोर्कच्या पाइपवर खड्डे पडले असतील, तर ऑइल सील फाटून तेल ब्रेकवर उतरू शकते. चेसिसच्या वेल्डिंगवर, स्विंगआर्मवर किंवा ब्रेकच्या जोडांवर पापुद्रे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता वाहन मेकॅनिककडे न्यावे.

पाऊस ओसरल्यावर दसरा-दिवाळीच्या दरम्यान एकदा सर्वांगीण सफाई, थंडीत पंधरा दिवसांतून एकदा तेलाचा हात आणि किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे, इतका नेम पाळला तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत दुचाकीचे लोखंड सुरक्षित राहते.