थुडिकमचा मेंदू

बी.एस्सी.च्या वर्गाला फॉस्फोलिपिडचं प्रॅक्टिकल शिकवताना मी खाटकाकडून बकऱ्याचा भेजा आणवत असे. दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मेथेनॉल यांत तो घोटायचा, गाळायचा, थोडं पाणी घालून फनेल हलवायचा आणि उभा ठेवायचा. वरच्या थरात क्षार-साखर, खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये स्निग्ध द्रव्यं. जोर्दी फोल्क आणि सहकाऱ्यांची १९५७ सालची ही रीत मुलांना पाठ होती. त्यामागचा माणूस, योहान थुडिकम, मात्र एकाही क्रमिक पुस्तकात मला धड भेटला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

थुडिकम जर्मनीतल्या ब्युडिंगेनचा, लिबिगचा विद्यार्थी, डॉक्टरकी लंडनमध्ये. तेव्हा युरोपात ‘प्रोटॅगॉन’चा दबदबा होता. लीब्राइखने १८६५ मध्ये मेंदूतून वेगळा काढलेला हा पांढरा पदार्थ म्हणजे एकच फॉस्फरसयुक्त संयुग, असं मोठमोठे रसायनज्ञ मानत.

थुडिकमला ते पटेना. तो मेंदू कोमट अल्कोहोलमध्ये भिजवी. अर्क थंड झाला की पांढरा गाळ बसे. तो ईथरने धुतला की केफॅलिन आणि लेसिथिन ही फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्यं ईथरमध्ये उतरत. त्या ईथरमध्ये अल्कोहोल ओतलं की केफॅलिन खाली बसे, लेसिथिन वर विरघळलेलं राही. मग दर हिश्शात नायट्रोजन किती, फॉस्फरस किती, ते मोजायचं. लेसिथिनमध्ये फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचा एक, स्फिंगोमायलिन या आणखी एका फॉस्फरसयुक्त द्रव्यात दोन. ईथरमध्ये न विरघळलेल्या भागात सेरेब्रोसाइड सापडलं. त्यात फॉस्फरस मुळीच नाही! म्हणजे प्रोटॅगॉन हे संयुग नव्हतंच, ती फॉस्फरसवाल्या आणि बिनफॉस्फरसवाल्या द्रव्यांची सरमिसळ होती. माझ्या मते त्या वादाचा निकाल या एका मोजणीने लागायला हवा होता.

लागला नाही. १८८४ मध्ये त्याचा मेंदूच्या रसायनावरचा ग्रंथ आला, तरी गॅम्जीसारखे प्रोटॅगॉनवाले त्याला खोटा ठरवत राहिले. १९०१ मध्ये तो गेला. पुढच्या दशकात रोझेनहाइम आणि टेब यांनी प्रोटॅगॉन मिश्रणच असल्याचं पुन्हा दाखवलं.

१९४२ मध्ये फोल्कने थुडिकमचं केफॅलिन हाती घेतलं. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून अल्कोहोल थोडं थोडं घालत त्याने त्यातूनही वेगवेगळे हिस्से काढले: एकात इथॅनोलअमाइन, दुसऱ्यात सेरिन, तिसऱ्यात इनोसिटॉल. थुडिकमचं केफॅलिनही मिश्रणच निघालं, आणि तेही त्याच्याच पद्धतीने.