घरच्या उपासनेतून आलेली टीका

इंग्लंडमध्ये १६६२ साली कायदा झाला: सरकारमान्य प्रार्थनापुस्तक मुकाट्याने स्वीकारायचे, नाहीतर चर्च सोडायचे. त्या धामधुमीत सुमारे दोन हजार पाळकांच्या जागा गेल्या. दोन वर्षांनी फास आणखी आवळला. घरच्यांखेरीज पाच किंवा अधिक माणसे वेगळ्या उपासनेसाठी जमली, तर तो गुन्हा. पण घरच्या माणसांना बायबल समजावून सांगायला बंदी नव्हती.

पद गमावलेले फिलिप हेन्री वेल्सच्या सीमेजवळ ब्रॉड ओक येथे राहत. सकाळ-संध्याकाळ कुटुंबाला जमवून ते बायबलचे अध्याय क्रमाने वाचत, उलगडून सांगत. मुलांनी नुसते ऐकायचे नाही, टिपणेही काढायची. अशा टिपणवह्या घेऊन वाढलेला त्यांचा मुलगा मॅथ्यू काही काळ लंडनमध्ये कायदा शिकला आणि १६८७ मध्ये चेस्टरला पाळक झाला. रविवारी सकाळी जुना करार, दुपारी नवा करार, असे पंचवीस वर्षे चालले. १७०४ च्या नोव्हेंबरात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने हे विवेचन टीकेच्या रूपात लिहून काढायला घेतले.

मराठी वाचकाला टीका म्हटले की ज्ञानेश्वरी आठवते. मूळ ग्रंथ विद्वानांच्या हातून सुटून घरात यावा, ही ओढ तिथेही होतीच. मॅथ्यू हेन्रीने पंडिती वाद बाजूला ठेवले. अध्यायाचे भाग पाडायचे, मग एकेका वचनातून रोजच्या वागण्याचे काहीतरी काढायचे, ही त्याची रीत. हव्वा आदामाच्या डोक्यातून किंवा पायातून नव्हे, तर बरगडीतून घडवली गेली, यावरचे त्याचे विवेचन आजही लग्नाच्या उपदेशांत ऐकू येते. त्यातली कल्पना मात्र त्याची नव्हे. बाराव्या शतकात धर्मपंडित पीटर लोंबार्डने ती मांडली होती. पण लोंबार्ड घरी कोण वाचणार?

प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत मजकूर झाला आणि १७१४ च्या जूनमध्ये प्रवासात नँटविच येथे हेन्री वारला. रोमकरांस पत्रापासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग इतर पाळकांनी वाटून घेऊन पुरा केला. सवयीच्या वाचकाला हात बदललेला लगेच कळतो.

सहा जाडजूड खंड गरिबाला परवडणारे नव्हते. ऑक्सफर्डमध्ये श्रीमंत विद्यार्थ्यांची कामे करून शिकणाऱ्या जॉर्ज व्हाइटफील्डला ग्लॉस्टरच्या एका पुस्तकविक्रेत्याने ते उधारीवर दिले. पुढे हजारोंच्या सभा गाजवणारा हा उपदेशक ते गुडघे टेकून वाचत असे.

टीका हाताशी असली तरी एक अडचण उरतेच: वचन आठवते, कुठे आहे ते आठवत नाही. अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर क्रूडनने एकट्याने बायबलच्या इंग्रजी शब्दांची सूची रचली. १७३७ च्या नोव्हेंबरात ती त्याने राणी कॅरोलाइनला अर्पण केली आणि त्याच महिन्यात राणी वारली. बक्षिसाची आशा बुडाली, त्याचे पुस्तकांचे दुकानही बंद झाले. त्याला वेड्यांच्या इस्पितळात एकाहून अधिक वेळा डांबले गेले. बाहेर आला की मुद्रिते तपासायची, आणि लंडनच्या भिंतींवर न आवडणारे काही लिहिलेले दिसले की खिशातल्या स्पंजने पुसून टाकायचे. स्वतःला तो ‘अलेक्झांडर द करेक्टर’ म्हणवून घेई. सूचीची दुसरी आवृत्ती निघायला १७६१ उजाडले. त्यानंतर मात्र पैसेही मिळाले.

१७७० च्या सप्टेंबरअखेर व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला. नोव्हेंबर लागताच लंडनजवळच्या इस्लिंग्टनमधल्या खोलीत क्रूडन मृतावस्थेत सापडला, प्रार्थनेला गुडघे टेकलेले तसेच.